जोडपानीची मोजणी: स्पे खोऱ्यातल्या नोंदी

14 एप्रिल 2024

परवानगी आली. जमीनमालकाच्या माणसाने नकाशावर लाल रेघा मारून पाठवल्यात. त्या दोन पट्ट्यांत ऑगस्टच्या मध्यापर्यंत पाऊल टाकायचं नाही, कारण तिथे कॅपरकेली आहे. 2021-22 च्या हिवाळ्यात स्कॉटलंडभर झालेल्या मोजणीत हा पक्षी अंदाजे 532 भरला होता. वीण चालू असताना माझ्यासारखी माणसं झुडपांत वावरली की माद्या अंडी सोडून उठतात. मला लाल रेघांबाहेरचा तुकडा पुरेसा आहे. स्कॉट्स पाइनची विरळ झाडी, खाली गुडघाभर जुनं हीदर म्हणजे इथलं खुरटं रानझुडूप, त्याच्याही खाली स्फॅग्नम शेवाळाची ओली गादी. जागेचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. केर्नगॉर्म्सच्या पायथ्याशी, स्पे नदीच्या खोऱ्यात, एवढं बास.

शोधायची आहे नियोटिया कॉर्डाटा. सह्याद्रीत ही नाही, त्यामुळे मराठीत तिला नाव असण्याचा प्रश्नच नाही. मी आपलं जोडपानी म्हणते. आमरीच, म्हणजे ऑर्किड, पण सीतेच्या वेणीसारखा झुलता घोस वगैरे काही नाही. पाच ते दहा सेंटिमीटरची काडी, तिच्या मध्याच्या जरा खाली समोरासमोर दोन चकचकीत हृदयाकार पानं, वर पाचदहा तांबूस-हिरवी फुलं. फूल जेमतेम मोहरीएवढं दिसतं. आइसलंड, नॉर्वे, सैबेरिया, जपान, कॅनडा, उत्तर गोलार्धाच्या थंड टोपीभर सगळीकडे हीच जात. दुर्मीळ नाही. हायलँड्समध्ये तर बरीच असावी. पण दिसत नाही कुणाला.

माझा प्रश्न त्या "दिसत नाही"बद्दलच आहे. जुन्या नोंदी काढून पाहिल्या तर बऱ्याच ठिकाणी नुसता दहा किलोमीटरचा चौकोन आणि पुढे खूण. नकाशावर जिथे खूण नाही तिथे रोप नाही, की तिथे कुणी वाकलंच नाही? दिवसभर ऑफिसात आकडे चाळते, त्यामुळे हा किडा डोक्यातून जात नाही.

आज बारा जागा ठरवल्या. चौकट घरीच केली: प्लंबरकडचा पांढरा पाइप, चार एल्बो, आत सुतळीने वीस-वीस सेंटिमीटरचे पंचवीस खण. प्रत्येक जागेच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत बार्बेक्यूच्या काड्या खोचल्या, टोकाला लाल लोकर.

18 मे

चोवीस काड्यांपैकी नऊ उरल्यात. काही उपटून फेकलेल्या, काही चावलेल्या. हरणं, दुसरं कोण. लोकर बहुधा एखाद्या घरट्यात गेली असेल.

फोटोंवरून जागा पुन्हा लावल्या. झाडाखाली फोनचा जीपीएस दहा मीटर इकडे तिकडे उडतो, त्याच्या भरवशावर एक मीटरची चौकट परत सापडणार नाही. आता छपराचे मोठे खिळे, वॉशर घालून, शेवाळात पूर्ण दाबलेत. स्वस्तातला मेटल डिटेक्टर मागवला. घरच्यांना वाटतंय मी खजिना शोधायला निघाले.

पहिली मोजणी उभ्याने, कमरेत वाकून, हाताने काही न हलवता. बारा चौकटी, एक तास दहा मिनिटं, चार रोपं.

8 जून

गुडघ्यांवर. खाली फोमचा तुकडा. बावीस रोपं.

चाराची बावीस तीन आठवड्यांत उगवून आली असं कुणी म्हणू शकेल, आणि थोडं खरंही असेल, मेमध्ये सगळी पानं वर आलेली नसतात. पण यातली निदान दहा तरी तेव्हाही असणार. पानं पुरती उमललेली, कडा किंचित कुरतडलेल्या, शेवाळात अर्धी बुडलेली. मी वरून पाहत होते म्हणून मला हीदरचा छत्रीसारखा वरचा भाग दिसत होता. रोपं दांड्यांच्या मधल्या अंधारात बसलेली आहेत. तिथे गालाजवळ ओलसर गारवा लागतो. पावसात जुन्या वाड्याच्या आडाजवळ लागायचा तसा.

म्हातारं हीदर हवं तिला. कोवळं, दाट हीदर नाही, तर खाली दांडे उघडे पडलेलं, वरून झाकणारं आणि आत शेवाळ वाढू देणारं. जिथे ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी हीदर जाळतात तिथे आग शेवाळापर्यंत उतरली की हा आडोसाही जातो आणि ओलही.

मिज, म्हणजे इथली चावरी बारीक चिलटं, सुरू झाले. तोंडावर जाळी असली तरी पेन्सिल धरलेल्या हाताचं काय करायचं.

15 जून

पाऊस. रानात न जाता घरी बसून नावाची भानगड वाचली.

लिनियसने 1753 मध्ये हिला ऑफ्रिस कॉर्डाटा म्हटलं. 1813 मध्ये रॉबर्ट ब्राउनने लिस्टेरा अशी वेगळी प्रजाती काढली, मार्टिन लिस्टर या सतराव्या शतकातल्या इंग्रज डॉक्टराच्या नावाने. लिस्टर स्वतः कोळी आणि शंखशिंपले अभ्यासणारा. ब्राउन मात्र इथलाच, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या माँट्रोझचा. आपल्याला तो शाळेत ब्राउनियन गतीमुळे भेटतो, पण पेशीतल्या केंद्रकाला न्यूक्लियस हे नावही त्यानेच दिलं, आणि ते आमरींच्या पेशी पाहताना. हे मला आजवर माहीत नव्हतं. बारावीच्या बाईंनी एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर मी वनस्पतिशास्त्र सोडलं नसतं, असं आता उगीच वाटतं.

पुढे डीएनएने लिस्टरचं नाव पुसलं. लिस्टेरातल्या हिरव्या पानांच्या जाती आणि नियोटिया, म्हणजे जिला एकही हिरवं पान नाही अशी तपकिरी आमरी, या एकाच प्रजातीतल्या निघाल्या आणि नियोटिया हे नाव जुनं असल्यामुळे तेच राहिलं. नियोटिया म्हणजे ग्रीकमध्ये घरटं. त्या तपकिरी जातीचं पूर्ण नाव नियोटिया निडुस-आविस, आणि निडुस-आविस म्हणजे लॅटिनमध्ये पक्ष्याचं घरटं. घरटं घरटं. मुळांचा गुंता बघून ठेवलेलं नाव.

या घरटं-घरट्यानेच 1899 मध्ये आमरींचं मोठं कोडं सोडवलं. आमरीचं बी म्हणजे धूळ. आत पीठ जवळजवळ नाही, तेल अगदी नावापुरतं, रोपाला पुरेल अशी शिदोरी बरोबर बांधून दिलेलीच नाही. मग ते रुजतं कशावर? नोएल बर्नार या तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला पाचोळ्याखाली गाडलं गेलेलं एक फळ मिळालं. आत बिया रुजत होत्या आणि प्रत्येक रुजत्या बीत बुरशी शिरलेली होती. बुरशी त्या बीला भरवते. म्हणजे माझ्या चौकटीत जे नखाएवढं रोप दिसतं ते त्याआधी शेवाळाखाली बुरशीच्या जिवावर वाढलेलं असतं, तेव्हा ते कुठल्याच मोजणीत येत नाही.

22 जून

आई आली आहे साताऱ्याहून, तीन आठवड्यांसाठी. तिला आज घेऊन गेले. खरं तर घरी एकटी कंटाळली असती म्हणून नेलं, पण दुसरी नजर हवीच होती.

पद्धत अशी. दोघींनी एकच चौकट वेगवेगळी पाहायची, एकमेकींशी बोलायचं नाही, हाताने हीदर उकलायचं नाही, सापडलेलं रोप आपापल्या कागदावरच्या खणात टिंबाने दाखवायचं. नंतर कागद शेजारी ठेवून जुळवायचे. दोघींना सापडलेली किती, एकीलाच सापडलेली किती, यावरून कुणालाच न सापडलेल्यांचा अंदाज निघतो. तळ्यातले मासे खूण करून सोडतात आणि परत पकडून मोजतात, तोच हिशेब.

आईला रोप दाखवलं.

"हे? एवढंसं? अगं, मेथीचं पान मोठं असतं याच्यापेक्षा."

"हो. पण आमरी आहे."

"कासला दाखवली होतीस ती तरी पांढरीशुभ्र होती. दिसायची."

कासची म्हणजे हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस, नाव रोपाहून लांब. पावसाच्या तोंडाशी पठारावर एकच गोल हृदयाकार पान जमिनीला चिकटवून बसते. हेच महिने, हाच पानाचा आकार, पण ती उघड्यावर कातळाच्या मातीत भिजत उभी असते आणि ही अंधारात. आईचं म्हणणं बरोबर होतं.

मी प्रत्येक चौकटीला पाच-सहा मिनिटं दिली. आईचे गुडघे दुखतात. ती बुटकं घडीचं स्टूल घेऊन बसली की उठणं नको म्हणून बसूनच राहायची, एकेका चौकटीपाशी पंधरा पंधरा मिनिटं. मध्ये दोनदा "झालं का गं?" म्हणून मी हाक मारली, तर बोलायचं नाही असं ठरलंय ना, म्हणून तिने उत्तरच दिलं नाही.

कागद जुळवले. माझी 31. आईची 33, पण त्यातले सहा ब्लेबेरी या झुडपाचे कोवळे फुटवे निघाले, पानं समोरासमोर नाहीत हे तिच्या लक्षात आलं नाही. ती वजा करून 27. दोघींनाही सापडलेली 19.

31 गुणिले 27 भागिले 19, म्हणजे 44. आम्ही दोघींनी मिळून पाहिलेली 39. हिशेब म्हणतो अजून पाचेक आत लपली आहेत.

आईला सहा वजा झाल्याचं आवडलं नाही. "मग तुझी आठ मला दिसली ती?" असं गाडीत बसल्यावर विचारलं. तिला एकटीला दिसलेली आठ रोपं, हे खरंच. मी नऊ-दहा मिनिटं लवकर उरकत होते प्रत्येक चौकटीमागे, ते आता कळतंय.

23 जून

रात्री झोपताना लक्षात आलं की कालच्या सूत्रात एक फट आहे. सूत्र धरून चालतं की प्रत्येक रोप दिसण्याची शक्यता सारखी. ती तशी नाही. फुललेलं रोप दोघींनाही दिसतं, आणि हीदरच्या बुंध्याशी बसलेलं नखाएवढं न फुललेलं रोप दोघींनाही दिसत नाही. अशा वेळी दोघींना सामाईक सापडलेली जास्त भरतात आणि अंदाज खालीच राहतो. 44 हा निदान आकडा समजायचा.

29 जून

आजचा दिवस मोजणीला दिला नाही. फुलाला दिला.

फुलाचा ओठ चारेक मिलिमीटर, खाली दोन अरुंद फाटे झालेला, सापाच्या जिभेसारखा. पाकळ्या मागे हात पसरल्यासारख्या. दहापटीच्या भिंगातून एक लालसर माणूस लंगडी घालत उभा आहे असं दिसतं. ओठाच्या मध्यरेषेवर मध ओघळतो.

गंमत वर आहे. ओठाच्या वर एक बारीक पातं पुढे आलेलं असतं, रोस्टेलम, अर्थ छोटी चोच. जोसेफ हुकरने 1854 मध्ये हिच्या मोठ्या बहिणीच्या, नियोटिया ओव्हाटाच्या, चोचीवर लेख लिहिला. डार्विनने तिच्यावर नंतर पुष्कळ वेळ घालवला, आमरींच्या परागीभवनावरचं त्याचं पुस्तक 1862 चं. जोडपानीसाठी त्याला अ‍ॅबर्डीनच्या प्रोफेसर डिकींनी जिवंत रोपं पाहून कळवलं होतं. चोचीला काहीही टेकलं की आतला डिंक फुटून बाहेर येतो, परागपुंज त्यावर चिकटतात आणि डिंक दोन-तीन सेकंदांत वाळून घट्ट होतो. सिमेंटच्या ट्यूबवाल्यांनीही हेवा करावा.

माझ्याच डोक्यावरचा एक केस घेतला. चौकटीबाहेरचं एक रोप निवडलं, एकच फूल. केसाचं टोक ओठावरून वर सरकवत नेलं. टेकलं असं मला वाटण्याआधीच टोकाला पिवळा ठिपका होता. ओढून पाहिलं, निघेना. नखाने खरवडावा लागला. फुटल्यावर चोच खाली वाकून झाकण घालते आणि मग हळूहळू वर उठून आतला स्त्रीकेसराचा भाग मोकळा करते, म्हणजे त्याच फुलाचा पराग त्याच फुलावर सहजी पडत नाही. ही दुसरी पायरी मी पाहू शकले नाही, अर्ध्या तासात मिजनी मला उठवलं.

हे सगळं घडवतात बुरशीवर वाढणारी बारीक चिलटं. अ‍ॅकरमन आणि मेस्लर यांनी 1979 मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या निरीक्षणांतून ते मांडलं. ओलसर, सावलीचं, कुजकं रान हे त्या चिलटांचं घर, त्यामुळे तिथे फुलणाऱ्या फुलाला फुलपाखरांची वाट बघून चालणार नाही. वासही त्यांच्या आवडीचा, माणसाला नकोसा. नाक अगदी लावलं तेव्हा मला शिळ्या काकडीसारखं काहीतरी आलं. आईने "मला नको" म्हणून लांबूनच सांगितलं.

मुळाशी बुरशी भरवते, फुलाशी बुरशीवर पोसलेली चिलटं येतात. दोन्ही बुरश्या एकच असतील असं अजिबात नाही. तरी मला ते जमलेलं वाटलं.

13 जुलै

आई काल गेली. आज गावातले एक निवृत्त वनरक्षक बरोबर आले, वय सत्तरीच्या पुढे, या रानात चाळीस वर्षं काम केलेले. त्यांना जोडपानी माहीत होती. मी खुश झाले, तर म्हणाले की माहीत आहे पण मुद्दाम कधी शोधली नाही, बूट बांधायला वाकलो की दिसायची.

आज हाताने हीदर उकलून पाहायचं ठरवलं होतं, त्यांच्या देखरेखीखाली, दांडे न मोडता. ते दोन्ही तळव्यांनी हीदर असं बाजूला करतात जसं आपल्याकडे आजी नातीच्या केसांत भांग पाडते. मी आत पाहायचं.

नवी आठ. त्यातली सात न फुललेली, पानं माझ्या करंगळीच्या नखाहून लहान. आठवं फुललेलं होतं, पण वाकून शेवाळात गेलेलं. एकूण 47. म्हणजे 44 ओलांडलं, 23 जूनची शंका बरोबर. या आठांतलं एखादं तीन आठवड्यांत नवं आलं असेलही. या दिवसांत फारसं नवं येत नाही, म्हणून मी ते धरत नाही.

47 पैकी फुललेली 14. मला 22 जूनला दिसलेल्या 31 मध्ये फुललेली 13 होती. फुललेली जवळजवळ सगळी मला मिळाली होती, चुकली ती न फुललेली. जे लोक फुलांच्या दिवसांत, उभ्याने, वाटेवरून नोंद करतात त्यांच्या नोंदीत या रानातली किती रोपं येत असतील? माझ्याच आकड्यांत पाहायचं तर 47 मधली चार.

खालची फुलं आता फळं झालीत, मणी, आणि वर अजून एकदोन फुलं ताजी. एका काडीच्या तळातला मणी फुटून बी उडायलाही लागलं होतं. भिंगाखाली ते बी पोत्याच्या धाग्यासारखं दिसतं. फुंकर घातली तर गेलं, कुठे ते दिसलं नाही.

चौकट 7 मध्ये आजही काही नाही. हीदर तेच, शेवाळ तेच, शेजारच्या 6 मध्ये अकरा रोपं. चाळीस मिनिटं घातली.

घरी आल्यावर मानेवर एक गोचीड. काढली, तारीख वहीत लिहून ठेवली. इथे गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम या आजाराचा धोका असतो, महिनाभर लाल वर्तुळ उठतंय का ते पाहायचं.

10 ऑगस्ट

पानं पिवळी पडायला लागली. हीदरला बहर आलाय, अख्खं रान जांभळं, आणि वाटेवर फोटो काढणाऱ्यांची गर्दी. एका मुलीने विचारलं की तुम्ही काय शोधताय. दाखवायला काही उरलं नव्हतं.

मानेवर काही उठलं नाही.

14 सप्टेंबर

जमिनीवर काही नाही. कोरड्या काड्या चार. खाली शेवाळात बारीक मुळं आहेत आणि त्यांवरूनही नवे कोंब फुटतात, त्यामुळे पुढच्या वर्षी जी दोन रोपं शेजारी दिसतील ती एकाच मुळाची असू शकतात. उकरून खात्री करायची नाही. मालकाच्या परवानगीशिवाय इथे कुठलंही रानरोप मुळासकट उपटणं 1981 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मी परवानगी मागितली ती मोजण्याची.

20 ऑक्टोबर

नोंदी भरायला बसले. जिल्ह्याच्या नोंदकाकडे ही माहिती जाईल, तिथून देशाच्या एकत्र संग्रहात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिटन-आयर्लंडचा वनस्पती नकाशासंग्रह अशाच स्वयंसेवकांच्या नोंदींवर उभा आहे, त्यामुळे आळस करून चालत नाही.

तक्त्यात संख्येला एकच रकाना. 47 लिहिलं. शेऱ्यात: उभ्याने 4, गुडघ्यावर 22, दोन निरीक्षक बसून 39, हीदर उकलून 47. शेरा शंभर अक्षरांत बसवायचा होता, "आईसह" हा शब्द तीनदा काढला आणि शेवटी ठेवला.

चौकट 7 पाशी आले तेव्हा बोट शून्याच्या कळीवर होतं. रकाना रिकामा ठेवला आणि शेऱ्यात लिहिलं: 40 मिनिटं शोधलं, सापडली नाही.

आईचा फोन आला. तिने विचारलं, माझी किती लिहिलीस? सत्तावीस, म्हटलं. "तेहेतीस होती," म्हणाली.

दुपारी खिळ्यांची हजेरी घेऊन आले, डिटेक्टरने. चोवीसपैकी तेवीस सापडले. 7 चा ईशान्येचा खिळा नाही. एप्रिलमध्ये दुसरा ठोकायचा.